चेंडूला हातभार

दवाखान्यात कुणाला सलाइन लागलं आहे असं कळलं की डेप्युटीसाहेब भेटायला जातात. गेल्यावर त्यांची पहिली नजर पेशंटकडे जात नाही, नळीतल्या थेंबांकडे जाते. "जरा स्लो वाटतंय," असं म्हणत त्यांचा हात नळीवरच्या चाकाकडे सरकतो. सिस्टर ओरडतात. साहेब हात मागे घेतात आणि अत्यंत निरागस चेहऱ्यानं म्हणतात, "नाही, जरा मदत करावी म्हटलं."

मदत करणाऱ्या माणसांच्या जाती असतात. मागितल्यावर मदत करणारे दुर्मिळ. न मागता करणारे बरेच. साहेब तिसऱ्या जातीतले: नको म्हटल्यावर करणारे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातली बुंदीची परात ते काढून घेतात आणि ज्यांना शुगर आहे नेमक्या त्यांच्याच पानात दोन-दोन मुठी वाढतात. तहसीलमध्ये रांगेत पुढे उभ्या असलेल्याचा अर्ज स्वतःच्या पेनानं भरून देतात. त्यात गट नंबर चुकतो आणि तो बिचारा पुन्हा रांगेच्या शेपटाला जातो. स्मशानात लाकडं रचणाऱ्याला खालून हवा कशी खेळली पाहिजे ते समजावून सांगतात. मनात कपट काडीचं नाही. जगातली कुठलीही गोष्ट आपल्या हातभाराशिवाय आपसूक नीट होत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नाही, इतकंच.

ते पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. उपअभियंत्याला आमच्या परभणीत डेप्युटी म्हणतात, आणि माणूस निवृत्त झाला तरी हुद्दा निवृत्त होत नाही. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर असतं म्हणे. काकूसुद्धा त्यांना "अहो डेप्युटी" अशी हाक मारतात, पण ती रागात.

तर असा हा माणूस गोल्फकडे वळला, आणि त्यातही गोल्फमधल्या सगळ्यात न-मदत-खाऊ फटक्याकडे. हा योग जुळून आला तो ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती आणि ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता असे लाखो लोक चहाचा कप हातात धरून टीव्हीपुढे "पार म्हणजे काय हो?" असं एकमेकांना विचारत होते. एका फटक्यानं तिचं पदक हुकलं, ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्णपदक घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतली पोरं तुराट्या फेकायला लागली. साहेब मात्र सकाळच्याच कार्यक्रमात अडकले. त्यांच्या मनात भरलं ते असं, की ही पोरगी चणीनं लहान, तिचा फटका इतर खेळाडूंएवढा लांब जात नाही. जिथं बाकीच्या आखूड, लोखंडी क्लबनं खेळतात तिथं ही लांब दांड्याचं फेअरवे वूड काढते आणि चेंडू थेट हिरवळीवर नेऊन ठेवते.

"पाहिलं का सर," मला म्हणाले, "ताकद नाही. नुसतं टेक्निक. हे आपल्याला जमण्यासारखं आहे."

मी शाळेत शिकवतो. टेक्निक हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाच्या वाटेला जाऊ नये एवढं मला कळतं.

सामान पुण्याहून आलं. साहेबांच्या मुलानं कंपनीतल्या वरिष्ठांच्या नजरेत यावं म्हणून काही महिने गोल्फ खेळून पाहिला होता. नजरेत आला, पण चुकीच्या कारणासाठी. तेव्हापासून ती पिशवी फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी पडून होती. साहेब ती घेऊन ट्रॅव्हल्सनं निघाले. क्लीनरनं पिशवी हलवून पाहिली आणि फवारणीच्या पंपाचे पाइप समजून डिकीत खताच्या पोत्याखाली ढकलली. नियमाप्रमाणे खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. परभणीला उतरले तेव्हा साहेबांच्या पिशवीत अर्धेच होते, पण त्यात तीन, पाच आणि सात नंबरचं वूड शाबूत होतं. साहेबांना तेवढंच पाहिजे होतं.

गोल्फची मैदानं कुठं निघाली याचा एक हिशेब आहे. कोलकात्यात १८२९ साली क्लब निघाला, मुंबईत १८४२ साली. जिथं गोरा साहेब मुक्कामाला राहिला तिथं हिरवळ आली. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आपल्या वाट्याला उर्दू दस्तऐवज आले, गोल्फ नाही. पण जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणाऱ्या माणसाला असल्या गोष्टींनी अडायला होत नाही. गंगाखेड रोडला साहेबांची वडिलोपार्जित जमीन आहे. काळी, भारी, पावसात बूट काढून घेणारी आणि उन्हाळ्यात पाय गिळणारी. तिच्यात विहिरीलगत एक तुकडा आहे. त्यात इतकी हरळी माजली आहे की तिथं पेरणी करायचा नाद सालगड्यानं केव्हाच सोडला. हा सालगडी म्हणजे मामा. वयानं साहेबांच्याच बरोबरीचे, अख्ख्या गावाचे मामा.

हरळीनं आपल्या शेतकऱ्याच्या किती पिढ्या वाकवल्या असतील त्याची मोजदाद नाही. नांगरा, खणा, उन्हात टाका, जाळा. एक कांडी राहिली तरी आषाढात पुन्हा उभी. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक साहेबांकडे चहाला आले होते. १९७२ साली विद्यापीठ निघालं तेव्हापासून तण कसं मारावं यावर तिथं किती कागद खर्च झाला असेल! तर त्या प्राध्यापकांनी सहज सांगितलं, की ही हरळी म्हणजेच जगभरच्या गोल्फ मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत. लोक पैसे मोजून लावतात, रात्रंदिवस पाणी देतात, मशिननं कापतात. मामा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी तंबाखू चोळायचं थांबवलं. "पैशे देऊन?" एवढंच विचारलं, आणि मग कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या तो माणूस कलेक्टर निघावा, तसं झालं त्यांचं.

आता हा फटका काय असतो ते सांगायला पाहिजे, नाहीतर साहेबांचं दुःख कळायचं नाही. डाव सुरू करताना चेंडू लाकडी खुंटीवर ठेवून मारता येतो. पुढं तो गवतात जिथं पडेल तिथून मारायचा. लांब मारायचा असेल तर फेअरवे वूड घ्यायचं. तीन नंबरच्या वूडचा दांडा साधारण ४३ इंच लांब आणि डोक्याच्या पुढच्या पट्टीला उतार जेमतेम १५ अंशांचा. पाच नंबरला १८ च्या आसपास, सातला २१ च्या. जेवढा उतार जास्त तेवढा चेंडू सहज उठतो. म्हणून शिकवणारे सगळे एकमुखानं सांगतात की नवशिक्यानं सातपासून सुरुवात करावी, चेंडू हवं तर आधी बुटक्या खुंटीवर ठेवावा, आणि तीनला हात लावायची घाई करू नये. चेंडू डाव्या टाचेच्या किंचित आत ठेवायचा, दांडा सैल धरायचा, अंगाचा भार डाव्या पायावर येऊ द्यायचा, आणि क्लबचं बूड गवत घासत गेलं पाहिजे. बस्स. चेंडू वर जातो तो त्या उतारामुळे. माणसानं तो उचलायचा नसतो.

इथंच नवशिक्याचं घोडं पेंड खातं. पायाशी चेंडू जमिनीला चिकटून बसलेला, हातातलं हत्यार उभं आणि सपाट. मन म्हणतं, हे याला उचलणार कसं? मग अगदी शेवटच्या क्षणी तो मागं रेलतो, भार उजव्या पायावर जातो, मनगटं चेंडूच्या खाली शिरून त्याला वर काढू बघतात. क्लब एकतर वेळेआधी वर उठतो आणि चेंडूच्या टाळूवर बसतो, नाहीतर चेंडूमागच्या जमिनीत घुसतो. थोडक्यात, या फटक्याची अट एकच. चेंडूला मदत करायची नाही.

आणि साहेब!

साहेबांनी सुरुवात तीननं केली. "सातपासून?" ते म्हणाले. "खालच्या पोस्टपासून चढायची नोकरी एकदा केली, सर. आता डायरेक्ट." पहिल्या दिवशी आम्ही तिघं होतो, मामा, मी आणि साहेब. साहेबांनी वाकून गवत बाजूला सारलं, चेंडूला बसायला जागा करून दिली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि मोबाइलमधल्या गोऱ्या माणसानं दाखवल्याप्रमाणे दांडा मागं नेला. खाली आला तेव्हा चेंडू जागचा हलला नाही. वाऱ्यानं हरळी तेवढी लवली.

"सराव होता," साहेब म्हणाले.

"नियमात हा फटका धरतात," मी म्हणालो. मला मोबाइल त्यांनीच दाखवला होता.

दुसरा चेंडूच्या टाळूवर बसला. चेंडू सरपटत सुटला आणि विहिरीच्या कठड्याला आपटून परत आमच्याच पायाशी आला. तिसऱ्याला साहेबांनी चेंडूला उचलायचं ठरवूनच टाकलं. गुडघे वाकले, कंबर मागं गेली, तोंडातून "हां... वर... वर!" असे शब्द निघाले, आणि चेंडूच्या मागचं वीतभर काळं रान निघून उंच उडालं.

मामा उठून पुढं चालत गेले आणि तिथूनच ओरडले, "साहेब, चेंडू तर हितंच हाय. ढेकूळ गेलंय की पार बांधावर!"

साहेबांनी खिशातून वही काढली. साधीसुधी वही नव्हे. आयुष्यभर मेजरमेंट बुकात मापं लिहिलेला माणूस. त्यांनी गोल्फचंही एम.बी. घातलं होतं. त्यात रकाने होते: तारीख, क्लब, चेंडूचं अंतर, शेरा. त्या दिवशी नाइलाजानं एक रकाना वाढवावा लागला: मातीचं अंतर. पावसाळाभर त्या वहीत मातीचा रकाना चेंडूच्या रकान्याच्या पुढं राहिला. भिजलेली काळी माती क्लबच्या तोंडावर अशी बसायची की १५ अंशांचा उतार कुठं गेला ते कळायचं नाही. मामा प्रत्येक फटक्यानंतर खुरप्यानं क्लब खरवडून द्यायचे.

एकदा खरवडता खरवडता मामांनी विचारलं, "साहेब, याला लाकूड कामून म्हणतेत? ह्ये तर पत्रा हाय."

साहेबांना असा प्रश्न म्हणजे पाटात पाणी सोडल्यासारखं. त्यांनी सांगितलं की पूर्वी ही डोकी पर्सिमन नावाच्या झाडाच्या लाकडाची असत, आणि हे झाड आपल्या टेंभुर्णीचं भाऊबंद आहे, एकाच कुळातलं. १९७९ साली अमेरिकेतल्या टेलरमेड कंपनीनं पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला काढला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड मागं पडलं.

"टेंभुर्णी," मामा म्हणाले. "मंग लाकडाचंच ऱ्हाऊ द्यायचं व्हतं. खेळ नाही जमला तर पाल्याची बिडी तरी झाली असती."

दिवाळीच्या सुमारास एक नवंच संकट आलं. शेजारच्या वावरात कापूस फुटला. गोल्फचा चेंडू पांढरा, कापूस पांढरा. साहेबांचे चेंडू आता सरपटत का होईना तिकडंपर्यंत पोचायला लागले होते. पऱ्हाटीत शिरलेला चेंडू शोधणं हा प्रकार ज्यानं केला नाही त्याला वारीत हरवलेलं माणूस शोधणं सोपं वाटेल. चेंडू सापडायचे ते वेचणाऱ्या बायांना. वेचणीची मजुरी किलोवर. एक चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, बावीस चेंडूंचा एक किलो भरतो. पहिला चेंडू ओटीत पडला तेव्हा एक मावशी म्हणाली, "बाई, ह्ये बोंड लईच कडक निघालं." दुसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर शेजाऱ्याला संशय आला. साहेब मदतीला धावले. त्यांनी सगळे चेंडू कालव्याच्या गेटला मारतात त्या लाल रंगात बुडवून काढले, म्हणजे कापसात उठून दिसतील. दिसले. रंग पुरता वाळला नव्हता, त्यामुळे ज्या ज्या बोंडाला शिवले तीही उठून दिसली. शेजाऱ्यानं तो कापूस साहेबांच्या दारात आणून टाकला. काकूंनी त्याच्या वाती वळल्या. त्यांच्या देवघरात अजून गुलाबी निरांजन लागतं.

याच काळात साहेबांना खरा गुरू भेटला होता. जिंतूरकडचे एक निवृत्त हवालदार. फौजेत साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या त्यांनी वर्षानुवर्षं वाहिल्या होत्या आणि साहेबलोक जेवायला गेले की मैदानाच्या कोपऱ्यात स्वतः चार फटके मारून हात बसवला होता. कुणाच्या तरी ओळखीनं ते एका सकाळी वावरात आले. पायात चप्पल, गळ्यात मफलर. त्यांनी तीन नंबर बाजूला ठेवलं, सात नंबर उचललं, चेंडूकडे धड पाहिलंही नाही आणि मारला. एक कोरडा, नेटका आवाज झाला. चेंडू तुरीवरून गेला, बांधावरच्या बाभळीवरून गेला आणि कालव्याच्या चारीपलीकडे पडला. हरळीत नुसता ओरखडा, माती जिथल्या तिथं.

"चेंडूकडं आपलं काम नाही, साहेब," हवालदार म्हणाले. "चेंडूच्या म्होरलं गवत छाटायचं. चेंडू मधी आला तर त्याचं नशीब."

गोल्फच्या पुस्तकांत याच्याइतकं चांगलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. साहेबांनीही मान डोलावली, वहीत टिपून घेतलं. हवालदारांनी दुसरा चेंडू ठेवला. दांडा मागं न्यायला लागले, तोच साहेबांना राहवलं नाही. "एक मिनिट," ते पुढं झाले, "तुमचा डावा अंगठा जरा असा... आणि खांदा थोडा... हां. आता मारा." हवालदारांनी मारला. चेंडू सरपटत विहिरीकडे गेला. हवालदारांनी क्लबकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. चहा न घेता गेले. नंतर त्यांच्या जिंतूरच्या माणसांकडून कळलं की त्यांचा हात बिघडला तो पुन्हा बसलाच नाही.

साहेबांच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. हरायचं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. सकाळी फिरायला जावं तसे रोज जात. रात्री जगातले सगळे महान फटके पाहत. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन सॅराझेननं पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून चार नंबरचं वूड मारलं आणि चेंडू थेट भोकात गेला, ही हकिगत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या तासाला माझ्या तोंडून एकदा २३५ यार्ड निघून गेलं. "म्हणजे २१५ मीटर, सर. आपल्या विहिरीपासून थेट म्हसोबापर्यंत." म्हसोबापर्यंत चेंडू नेणं हे त्यांचं जीवितकार्य झालं. मामांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हसोबाला लोक काय काय नेतात.

जानेवारीत हुरडा झाला. साहेबांचे नातेवाईक, गल्लीतले चार जण, काकूंच्या भजनी मंडळातल्या बायका. गूळभेंडीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजली जात होती. कणसं भाजणाऱ्या मामांना साहेबांनी राख कशी झाडायची ते दाखवलं आणि दोन कणसं मातीत पाडली. मग पाहुण्यांच्या आग्रहावरून फटक्यांचं प्रात्यक्षिक झालं. आग्रह साहेबांनीच केला होता. पाच-सहा चेंडू गेले. म्हणजे गेले नाहीत. प्रत्येक वेळी साहेबांचं सगळं अंग चेंडूखाली शिरायला बघत होतं. शेवटी तर ते इतके मागं रेलले की पुतण्यानं धावत जाऊन धरलं.

काकू तळहातावर हुरडा चोळत बसल्या होत्या. तीस-पस्तीस वर्षं जायकवाडीच्या क्वार्टरांत काढलेली बाई. डाव्या कालव्याची २०८ किलोमीटर लांबी त्यांना तुळशीच्या प्रदक्षिणेइतकी पाठ. त्यांनी फुंकर मारून फोलपटं उडवली आणि म्हणाल्या,

"अहो डेप्युटी, पैठणहून परभणीला पाणी येत होतं, तेव्हा तुम्ही मागून ढकलत होता का?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. क्लब उलटा धरून त्यांनी त्या पंधरा अंशांकडे पाहिलं, बोटानं उतार चाचपला. कालव्याला उतार एकदा नीट दिला की पाण्याला कुणी धक्का मारत नाही, हे त्यांच्याइतकं परभणी जिल्ह्यात कुणाला कळत असेल? क्षणभर मला वाटलं, झालं. माणूस पोचला. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ढकलत नव्हतो. पण गेटवर उभा तर राहायचो ना!"

काकूंनी पुढचं कणीस घेतलं.

आणि मग तो दिवस आला. गव्हाला पाणी चालू होतं. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोटरीला लागणारी लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. असते म्हणजे येते, जाते, पुन्हा येते. तो दिवसाचा आठवडा होता आणि लाइट गेलेली होती. मामा विहिरीवर स्टार्टरपाशी बसले होते. साहेब चेंडूवर उभे राहून मनातल्या मनात अंगठा, खांदा, टाच, गुडघा अशी हजेरी घेत होते. दांडा मागं गेला. अगदी वर पोचला, आणि त्याच क्षणी शिवारात चारीकडून आरोळी उठली, "लाइट आलीऽऽ!" मोटर हुंकारली. पाइप आदल्या दिवशी हरभऱ्यात टाकलेला तसाच होता. फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात पाणी गेलं की घाटे धरतात की नाही ते देवाला माहीत.

"मामा! पाइप काढा! गव्हात टाका, गव्हात! आधी बटण बंद करा, बटण!"

साहेबांचे डोळे हरभऱ्याकडे, मान विहिरीकडे, जीव पाइपात. वर गेलेले हात मात्र खाली यायचेच होते, ते आले. कुणी मदत केली नाही त्यांना. तोच कोरडा, नेटका आवाज. चेंडू आधी गवताच्या शेंड्यांवरून सुटला आणि मग हळूहळू वर चढत गेला. तुरीवरून, बाभळीवरून, चारीवरून. मी पाहिला. मामांनी बटणावर हात ठेवून पाहिला. साहेबांनी पाहिला नाही. ते हरभऱ्यातून धावत पाइपाकडे निघाले होते.

पाइप गव्हात पडल्यावर त्यांनी परत येऊन विचारलं, "चेंडू कुठाय?" आम्ही म्हसोबाकडे बोट दाखवलं. त्यांनी आमच्या दोघांची वेगवेगळी साक्ष घेतली. किती उंच, किती डावीकडं, आवाज कसा. संध्याकाळपर्यंत म्हसोबाच्या आजूबाजूला शोधलं, चेंडू सापडला नाही. टेपचं टोक धरायला चेंडू नाही, म्हणून माप नाही. माप नाही म्हणून एम.बी.त नोंद नाही. आयुष्यात कधी न मोजलेलं काम त्यांनी लिहिलं नव्हतं आणि आता लिहिणार नव्हते. आयुष्यातला सर्वोत्तम फटका असा कागदोपत्री झालाच नाही.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर आणि भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. दोन चेंडू आत गेले ते बहुतेक पुढच्या पावसाळ्यात वर येतील. नियमपुस्तकात अशी सोय आहे की दुरुस्तीखाली असलेल्या जमिनीवरून दंड न लागता चेंडू उचलून घेता येतो, पण ती जमीन तशी आहे हे समितीनं जाहीर करावं लागतं. समिती म्हणजे आम्ही तिघं. साहेबांनी ठराव मांडला, की मराठवाड्यातली समस्त जमीन कायमस्वरूपी दुरुस्तीखाली आहे. मामांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

पण त्या एका फटक्याचा भुंगा साहेबांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांनी इंजिनिअरच्या शिस्तीनं कारणमीमांसा केली. चेंडू तोच, क्लब तोच, जागा तीच, मारणारा तोच. मग त्या दिवशी वेगळं काय होतं? आपण त्या चेंडूला त्या दिवशी एकट्याला सोडलं होतं, हे उत्तर त्यांच्या डोक्याच्या आसपासही फिरकलं नाही. त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की फटका लाइट येण्याच्या क्षणाला लागतो. तेव्हापासून ते रोज वावरात जात नाहीत. भारनियमनाचं वेळापत्रक बघून जातात. लाइट गेली की क्लब घेऊन चेंडूवर उभे राहतात आणि तारेकडे कान लावतात. शेजारीपाजारी म्हणतात साहेबांना आता शेतीची गोडी लागली.

गेल्या सोमवारपासून आमच्याकडे रात्रीचा आठवडा सुरू झाला. मध्यरात्र उलटून गेल्यावर माझा फोन वाजला.

"सर, झोपलात का? लाइट येईल आता. मी वावरात आहे. बॅटरी घेऊन या. दोन आणा, एक चेंडूवर धरायला आणि एक मामांवर."

"मामांवर कशाला?"

"अहो, मला ओरडायला कुणीतरी दिसायला नको का?"